गेलेल्यांसाठी राखलेली खुर्ची

मी एक जुनी खुर्ची आहे, मित्रांनो, आणि आयुष्याची कितीतरी वर्षे माझ्यावर कुणीही बसलेले नाही. हसू नका. मोडकी होते म्हणून नव्हे, फार मानाची होते म्हणून.

माझा जन्म एका सुताराच्या हातून झाला. सागाचे लाकूड, वेताने विणलेली बैठक आणि टेकायला दोन ऐसपैस हात. काम संपल्यावर सुतार स्वतः माझ्यावर बसला, जरा डोलला आणि बायकोला म्हणाला, "आता खुशाल हत्ती आणून बसव!" माझी छाती अभिमानाने फुगली. मी हत्तीची वाट पाहू लागले.

हत्ती आला नाही. आल्या वाचनालयातल्या ग्रंथपालबाई. बाई कवितेच्या वेड्या. त्यांच्या वाचनालयात दर शनिवारी संध्याकाळी लोक कविता वाचत, पण साध्यासुध्या नव्हेत. इतिहासात होऊन गेलेल्या, पुस्तकांत राहणाऱ्या माणसांना उद्देशून लिहिलेल्या. बाईंचा दंडकच होता: ज्याला कविता लिहिली त्याला बसायला खुर्ची द्यायची, पाण्याचा पेला ठेवायचा आणि त्याच्याकडे बघून वाचायचे. ती खुर्ची म्हणजे मी. वाचन संपले की बाई पेल्यातले पाणी खिडकीतल्या कुंडीत ओतत. माझ्या वाट्याला काही नाही, पण रोपट्याची चंगळ होती.

केवढे मोठमोठे लोक माझ्यावर न बसता बसून गेले! निवृत्त बसचालकाने एका दर्यावर्दीला सुनावले, "तू वाट चुकलास तर तुझे पुतळे उभे राहिले, मी एक वळण चुकलो तर अख्खी बस अंगावर आली!" घड्याळे दुरुस्त करणाऱ्या काकांनी एका जुन्या खगोलशास्त्रज्ञाचे आभार मानताना डोळे पुसले. एका शाळकरी मुलीने नाटकातल्या विदूषकाला विचारले, "घरी गेल्यावर तुला कोण हसवायचं?" तो प्रश्न मला कितीतरी दिवस छळत होता. मी एक अडाणी लाकूड. माझ्यासमोर उभे राहून या लोकांनी मला शहाणे केले. त्यांचे उपकार मी कसे फेडू?

तरी मनात एक खंत होती. मान मिळत होता, पण भार मिळत नव्हता. बाकीच्या खुर्च्या माणसांनी गरम व्हायच्या, आणि माझ्या पाठीत कोळी जाळे विणायचा.

तिथे एक परिचारिका यायची. तिच्या सगळ्या कविता एकाच राणीला. शत्रूने किल्ल्याला वेढा घातला, धान्य सरत आले, तेव्हा स्वतः उपाशी राहून माणसे जगवणारी राणी. परिचारिका तिला दर वेळी काहीतरी विचारायची आणि वाचून झाल्यावर क्षणभर माझ्याकडे बघत राहायची. "एकदा तरी बोलली असती ना!" असे ती बाईंना म्हणायची. तिची तगमग मला कळायची, पण मी काय बोलणार? तिच्या आईला हा सगळा खुळेपणा वाटे. "गेलेल्या माणसांना तरी निवांत राहू द्या," असे आईचे मत. ते परिचारिकाच हसत हसत सांगायची.

एका शनिवारी बाईंनी 'किल्ल्यातल्या राणीस' ही कविता पुकारली, परिचारिका उठली, आणि नेमकी तेव्हाच दार लोटून तिची आई आत आली. लेक घराची किल्ली घेऊन निघून आली होती आणि आई बाहेर अडकली होती. जिना चढून आईच्या गुडघ्यांनी तक्रार मांडलेली. बाकी खुर्च्या भरलेल्या. समोर मी रिकामी, आणि शेजारी पाणीसुद्धा! आई सरळ माझ्यावर बसली आणि पेला रिकामा केला.

सगळ्यांनी तोंडात बोटे घातली. बाई अर्ध्या उठल्या. परिचारिका म्हणाली, "असू द्या, बाई. वाचते मी."

दंडकाप्रमाणे तिने खुर्चीकडे, म्हणजे आईकडे, बघून वाचले:

"कोठीच्या तळाशी पसाभर दाणे उरले,
तेव्हा सगळ्यांना वाढून झाल्यावर
'मला भूक नाही' असं
किती वेळा म्हणालीस तू?"

"रोजच म्हणायचे," आई म्हणाली. "तुझे बाबा गेल्यावर तर रोजच. पण तुला कसं कळलं गं? तू तर एवढीशी होतीस."

इतक्या वर्षांत समोरून पहिल्यांदाच उत्तर आले होते. परिचारिकेने पुढची ओळ न वाचताच कागद मिटला. ती खाली बसली आणि तिने आईच्या मांडीवर डोके टेकले. "नव्हतं कळलं, आई," ती म्हणाली. "राणीचं हे सगळं मला कुठून सुचतंय, ते आत्ता कळलं." बसचालक उगाचच खोकला. आईने लेकीच्या केसांवरून हात फिरवला आणि म्हणाली, "बरं, आता किल्ली दे."

ती उठताना माझ्या वेताची एक पट्टी काडकन तुटली. "अगबाई, मोडली की काय!" आई ओशाळली. तिला कसे सांगू, की माझा जन्म त्या दिवशी सार्थकी लागला?

बाईंनी बैठक नव्याने विणून घेतली. आता दर शनिवारी शेवटची कविता ऐकायला माझ्यावर कुणीतरी जिवंत माणूस बसते. आई तर हक्काने येते आणि कवितेत चुकले असेल तर मध्येच टोकते.

मित्रांनो, होऊन गेलेल्या थोरांना जरूर कविता लिहा. त्यांच्यासाठी मी आनंदाने रिकामी राहीन. माझी धूळ पुसा, वेत सैल झाला तर ओढून घ्या, म्हणजे मी आणखी पुष्कळ टिकेन. पण तुमच्या घरात जी खुर्ची आज भरलेली आहे, तिच्यासमोरही एकदा उभे राहून वाचा. तिथून उत्तर येते.