पाहुणीचा बिल्ला

नोरीनच्या लेकीच्या गळ्यात ‘पाहुणी’ असा बिल्ला पाहिला आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मस्कतमधलं हे आयरिश मंडळ नोरीननं उभं केलं. तिच्याच स्वयंपाकघरात बटाटे सोलता सोलता आमची पहिली सभा झाली. आणि तिची सोरखा मागे, दाराजवळ, सरबताच्या टेबलाला खेटून बसलेली.

अध्यक्ष फर्गल टूहीला मी तिथेच गाठलं. हा गडी इथे येऊन पुरती दोन वर्षं झाली नाहीत. म्हणे नवा नियम आहे, आयरिश पासपोर्ट असेल तोच सभासद. सोरखाचा बाप सालेम इथलाच, ओमानी. या देशात दोन पासपोर्ट चालत नाहीत, म्हणून तिनं बापाचा घेतला. मग आई बदलली का तिची? वर, राजदूत येणार, फोटो नीट यायला हवेत, असंही तो बोलून गेला. सोरखाच्या डोक्यावरचा रुमाल त्याला पुढच्या रांगेत नको होता, एवढं न कळायला मी दुधखुळी नाही.

दरवर्षी संत पॅट्रिकच्या या सणाची सुरुवात नोरीनच्या गाण्यानं व्हायची. गेल्या उन्हाळ्यात ती गेली. जाण्याआधी तिनं लेकीकडून कबूल करून घेतलं होतं, की यंदा ते गाणं तू म्हणायचंस. सोरखानं फर्गलला तसं सांगितलंही होतं. त्यानं ते कानाआड केलं आणि डब्लिनहून नाचणाऱ्यांचा ताफा भाड्यानं आणला.

पण ताफ्याआधी सभासदांच्या गाण्यांना थोडा वेळ ठेवला होता, आणि तिथेच तो फसला. आमच्यात रीत आहे. ज्याचं गाणं संपेल, त्यानं पुढच्याला पुकारायचं. पुकारलेल्याला नाही म्हणता येत नाही, आणि तो गाईपर्यंत दुसऱ्या कुणी तोंड उघडायचं नाही. फर्गलच्या बायकोनं गाऊन मला पुकारलं. मी माझं कसंबसं उरकलं. राजदूतांना पुकार, म्हणून फर्गल मला लांबून खुणावत होता.

मी म्हटलं, “सोरखा.”

“डिंपना, आज फक्त सभासद,” फर्गल म्हणाला.

“पुकारताना कधी कुणी पासपोर्ट बघितलाय? बस खाली.”

तो बसला. सोरखा पुढे आली, गळ्यात बिल्ला तसाच. नोरीनच्या गावी गाणाऱ्याचा हात हातात घेतात, तसा मी तिचा घेतला. डोळे मिटून ती आईचं गाणं गायली, आईच्याच आयरिश भाषेत. समोर बसलेल्या निम्म्या सभासदांना त्यातलं अक्षर कळलं नसेल, फर्गलला तर नाहीच. तिनं माझा हात घट्ट आवळला होता. मला वाटलं पोरगी घाबरली. गाणं संपवून तिनं डोळे उघडले, तेव्हा कळलं की ती संतापली होती.

टाळ्या संपायच्या आत फर्गलनं माईक घेतला. छान झालं म्हणाला, आणि ताफ्याला हाक मारू लागला.

“माझं पुकारायचं राहिलंय,” सोरखा म्हणाली. “नोरीन.”

फर्गल कसनुसं हसला. “अगं, ती आता आपल्यात नाही.”

“का? ती तर सभासद होती ना?”

फर्गलचं तोंड उतरलं. मला सांगायला लाज नाही वाटत, मला ते पाहून बरं वाटलं. त्यानं ताफ्याला हातानं खूण केली. ताफ्यातल्या व्हायोलिनवाल्यानं तारांवर टेकवलेला गज उचलला आणि मांडीवर ठेवला.

“वाजवा ना,” फर्गल म्हणाला.

“त्यांना पुकारलंय,” तो म्हणाला. “त्या गाईपर्यंत मी कसा वाजवू?”

सोरखानं बिल्ला काढून फर्गलच्या ताटाशेजारी ठेवला आणि माझ्याजवळ येऊन बसली. राजदूत जागचे हलले नाहीत. कुणीच हललं नाही. फर्गल माईक धरून मध्येच उभा होता, आणि आम्ही सगळे नोरीनसाठी थांबलो होतो.