न कापलेली पानं

हवालदार जोतीराम मान्यांनी सुतळीनं बांधलेलं पुडकं विजयमालाबाईंच्या टेबलावर ठेवलं. पुडकं बाईंनीच पंधरा दिवसांपूर्वी सांगलीहून रहिमतपूरला, हवालदारांच्या घरी पाठवलं होतं. गाठ अजून तशीच होती.

आत रूथ हॅलविक या अमेरिकन कवयित्रीच्या समग्र कविता होत्या. ती गिरणीत कामाला होती. पहिल्या दोन पुस्तकांनी तिचं नाव झालं, मग सहा वर्षं वेड्यांच्या इस्पितळात गेली. सुटल्यावर लिहिलेल्या कविता शेवटी होत्या. जोतीरामांना हे पुस्तक फौजेत असताना पुण्याच्या रद्दीवाल्याकडे मिळालं. पानांच्या कडा जोडलेल्या. सुरीनं कापल्याशिवाय उघडत नसत. एक घडी समजून मराठीत उतरवल्याशिवाय दुसरी कापायची नाही, असा त्यांचा नेम होता. सात वर्षांत शेवटच्या तीन घड्या उरल्या.

“त्या तुमी कापा, बाई,” असं म्हणून गेल्या उन्हाळ्यात, म्हणजे चौऱ्याहत्तर साली, त्यांनी पुस्तक हवाली केलं होतं. बाई कॉलेजात इंग्रजी शिकवत.

बाईंनी कापल्या नाहीत. मासिकाच्या संपादकांना या कवितांवरच्या लेखाची घाई होती. प्रस्तावनेत एका अमेरिकन टीकाकारानं शेवटच्या कवितांना विझल्या चुलीतली राख म्हटलं होतं. बाईंनी ते वाक्य मराठीत आणलं आणि खाली आपली सही केली.

“प्रस्तावनेतल्या सायबाचं मी मनावर घेतलं नव्हतं. तुमचा लेख वाचला न् मन उडालं. पुडकं सोडलंच न्हाई,” जोतीरामांनी पिशवीतून भाषांतरांची जाड वही काढली. “ही बी ठेवा. राख कशाला उतरवायची? माझी मालक म्हणत्यात, सुटला एकदाचा!”

“मालक?”

“आवं, आमची बायको, शालूबाई. घरात हुकूम तिचाच.”

बाईंना हसू आलं नाही. गप्प बसलं असतं तर हवालदार चहा पिऊन गेले असते आणि कुणाला काही कळलं नसतं. त्यांनी गाठ सोडली, पुस्तक शेवटाकडून उघडून पुढ्यात सरकवलं.

जोतीरामांनी बंद कडांवरून अंगठा फिरवला. एकदा. दोनदा.

“गस्त न घालता ‘सब ठीक’ लिहिणारे शिपाई लय बघितले, बाई,” ते म्हणाले. “तुमी त्यातल्या वाटला नव्हता.”

“चुकलं माझं.”

“तिकडच्या त्या सायबानं तरी कापली असतील का पानं?”

बाई उठल्या. त्यांनी स्वयंपाकघरातून सुरी आणली. पहिली कड वाकडी फाटली.

“हळू. आता वाचा. मोठ्यानं.”

कविता बारा ओळींची होती. इस्पितळातून परतलेली बाई स्वतःच्या दाराशी उभी आहे, आणि दार वाजवावं की ढकलावं हे तिला आठवत नाही. राख कुठंच नव्हती.

“चौथ्या ओळीतला शब्द?” जोतीरामांनी वही आपल्याकडे ओढली होती.

“मला येत नाही,” बाई म्हणाल्या. “कोश आणते.”

“आणा. आन् त्या लेखाचं?”

“संपादकांना आजच लिहिते. पानं न कापता लिहिलं, असंच.”

“छापतील?”

“माहीत नाही.”

जोतीरामांनी पेन्सिलीला टोक काढलं. मग वहीचं कोरं पान उघडलं.