सोबत कोण आहे?

"अजून जरा वर घे," बाबा म्हणाले. "पोट दिसतंय."

धाकट्या मुलाने मोबाईलचा स्टँड सरकवला. आता स्क्रीनवर फक्त बाबांचा चेहरा, इस्त्रीची कॉलर आणि मागची स्वच्छ भिंत. मोबाईल दुरुस्तीचं दुकान चालवणाऱ्याला अँगल जमणारच. टेबलाखाली काय आहे ते डॉक्टरीणबाईंना दिसायचं काही कारण नव्हतं.

दवाखान्यातून दर वेळी आधी फोन यायचा, येताय की व्हिडिओवर बघू? धाकटा पुढचं ऐकायच्या आत सांगून मोकळा व्हायचा, व्हिडिओवरच. बाबांना जिना झेपत नाही, दुकान बंद ठेवावं लागतं, तिथे सर्दी-खोकल्याची गर्दी असते. कारणं तोंडपाठ होती आणि त्यातलं एकही खोटं नव्हतं. खरं कारण वेगळं होतं, एवढंच.

बाबांचं हृदय कमजोर झालेलं. अंगात पाणी साठतं म्हणून लघवीची गोळी चालू होती. ती घेतली की सारखं उठावं लागायचं. बाबांनी जन्मभर बस चालवली. शेवटच्या थांब्यापर्यंत कळ काढायची, मध्ये गाडी सोडून उतरायचं नाही, याचा त्यांना कोण अभिमान. आणि मागे दवाखान्यात नंबर लांबला, तेव्हा भरल्या खोलीत बसल्या जागीच झालं. खुर्चीखालून ओघळ पुढे आला तसे लोकांनी पाय वर घेतले. एका बाईने धाकट्याला विचारलं, "तुमच्यासोबत आहेत का हे?"

"नाही," तो म्हणाला.

असा कसा निघाला तो शब्द, देव जाणे. मग तो कोपऱ्यातल्या फिल्टरपाशी जाऊन पाणी प्यायला. तहान नव्हती, तरी अजून एक ग्लास प्यायला. फरशी पुसून झाल्यावरच परत आला.

बाबा त्यावर कधी काही बोलले नाहीत. त्यांना डाव्या कानाने कमी ऐकू यायचं, इंजिनाच्या बाजूचा कान तो. ती बाई त्यांच्या डावीकडे होती की उजवीकडे, हे धाकटा तेव्हापासून आठवून बघत होता. आणि आठवणीत दर वेळी तिला उचलून डावीकडे नेऊन उभी करत होता.

"गोळ्या वेळेवर घेताय ना, काका?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"म्हणजे काय. जन्मात कधी गाडी लेट केली नाही, गोळी लेट करीन होय?"

त्या हसल्या. पण वाक्याच्या शेवटी बाबांना लागलेली धाप त्यांनी बरोबर पकडली. पाय दाखवा म्हणाल्या. धाकट्याने खाली अंधार आहे म्हणून बघितलं. मग दिवा लावा, त्या म्हणाल्या.

त्याने मोबाईल टेबलाखाली नेला, बाबांची पँट वर सरकवली आणि हात तसाच राहिला. पाय खांबासारखे झालेले, कातडी ताणून चकाकत होती. मोज्याचं इलॅस्टिक रुतून खोल वळ पडला होता. एका घरात राहून त्याने हे पाय कधीपासून बघितले नव्हते? त्यालाच सांगता आलं नसतं.

"अंगठ्याने दाबा आणि सोडा."

दुकानात तो रोज असाच अंगठा फिरवायचा. स्क्रीनगार्डखालचा बुडबुडा दाबला की नाहीसा होतो. इथे अंगठा उचलला तरी खड्डा तसाच राहिला.

"गोळी पोटात गेली असती तर एवढी सूज आली नसती," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "काका, खरं सांगा."

बाबांनी नजर भिंतीकडे वळवली. मग म्हणाले, लघवीची तेवढी घेत नाही. कधीपासून, तर तिथे आलो होतो ना मागे, तेव्हापासून.

"अहो, का पण?"

"चारचौघांत शोभा होते, बाई. माझं सोडा. बरोबरच्या माणसाला खाली बघावं लागतं."

धाकटा टेबलाखालीच होता. तिथून बाहेर यावंसं त्याला वाटेना.

डॉक्टरीणबाईंनी आजच आणायला सांगितलं. छाती ऐकायला हवी, कदाचित दाखल करावं लागेल. इतके दिवस मीही नुसता चेहराच बघत बसले, असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

निघताना बाबांनी सुचवून बघितलं की मला रिक्षात बसवून दे, तू दुकान उघड, मी जाईन एकटा. धाकट्याने पिशवीत जादा पँट आणि टॉवेल भरला. शेजाऱ्याला हाक मारली, दोघांनी मिळून बाबांना खुर्चीत बसवून जिन्याने खाली आणलं. प्रत्येक वळणावर बाबा सूचना देत होते. "डावीकडे काप. हां, आता सरळ. पाठीमागे बघ रे, ठोकशील."

दवाखान्यात बाबांनी आपणहून कडेची खुर्ची धरली, बाथरूमजवळची. पिशवी शेजारच्या खुर्चीवर ठेवली. धाकटा गाडी नीट लावायला बाहेर गेला.

तो परत दारात आला तेव्हा काउंटरवरची मुलगी बाबांपुढे उभी होती. खोली तशीच भरलेली. कदाचित तीच माणसं.

"आजोबा, सोबत कोण आहे तुमच्या?"

"कोणी नाही," बाबा म्हणाले. "एकटाच आलोय."

अगदी सहज म्हणाले. बऱ्याच दिवसांपासून तयार करून ठेवल्यासारखं.

धाकटा उंबऱ्यावर थिजला. म्हणजे ती बाई उजवीकडेच होती.

पाण्याचा फिल्टर कोपऱ्यात होता तिथेच होता. तो त्याच्यासमोरून पुढे आला.

"मी आहे," तो म्हणाला. आवाज उगाच मोठा लागला, दोन-चार माना वळल्या. "मुलगा आहे त्यांचा."

बाबांनी मान वळवली नाही. ड्रायव्हरसारखे समोर बघत बसून राहिले. फक्त शेजारच्या खुर्चीवरची पिशवी उचलून त्यांनी मांडीवर घेतली.