लाथाडलेला निळा डबा

मी एक जुना, निळा बर्फाचा डबा आहे. मित्रांनो, मला पाहून तुम्हाला कुल्फी आठवेल. पण माझ्या पोटात माणसांचं रक्त असायचं.

गोष्ट १९९४ सालची. मी शेवगावच्या एका लॅबमध्ये कामाला होतो. थायरॉइडची तपासणी तेव्हा आमच्या लॅबमध्ये होत नसे. लॅबमधला मच्छिंद्र रक्ताच्या बाटल्या माझ्यात बर्फावर ठेवी आणि एस.टी.ने पुण्याला नेई. एकही बाटली आम्ही कधी वाया जाऊ दिली नव्हती. डॉक्टर म्हणत, "मच्छिंद्र आणि हा डबा असला की मला घोर नाही." ते ऐकून माझी छाती फुगायची.

जवळच्या एका गावात भारती नांदत होती. लग्नाला सात वर्षं झाली, मूल नव्हतं. दोन वर्षं गोळ्या-इंजेक्शनं झाली. दोनदा दिवस गेले, दोन्ही वेळा गर्भ टिकला नाही. हळदीकुंकवाला सासू साळूबाई तिला चारचौघींतून उठवायच्या, "वांझंचा हात लावू देऊ नका गं!" नवरा सहादेव खाली मान घालून ऐकायचा. साळूबाईंनी त्याच्यासाठी आपली भाचीही हेरून ठेवली होती.

नगरच्या नव्या डॉक्टरीणबाईंनी मात्र भारतीचा सुजलेला गळा पाहिला, घोगरा आवाज ऐकला. त्या म्हणाल्या, "आधी थायरॉइड तपासा. तो बिघडलेला असला तर बाकीची औषधं फुकट जातील."

साळूबाई सुनेला पुन्हा घराबाहेर सोडेनात, म्हणून मच्छिंद्रच मला घेऊन तिच्या घरी गेला. रक्त काढलं, बाटली माझ्यात ठेवली आणि तो हात धुवायला परसात गेला.

"नरड्याचा अन् कुशीचा काय संबंध हाय?" साळूबाई पुटपुटल्या आणि त्यांनी मला लाथ घातली. मी उंबऱ्यावर आपटलो. टोपण तुटलं, बाटली फुटली. वर त्यांनीच बोंब ठोकली, "ह्यो पिऊन आलाय! डबा पाडला ह्यानं!"

मच्छिंद्र आयुष्यात दारूला शिवला नव्हता. तरी त्याची नोकरी गेली. तो सुप्याच्या कारखान्यात पोती उचलू लागला. लॅबला नकोसा झालेला मी त्याच्या घरी कांदे सांभाळत पडलो. मित्रांनो, कांद्यांच्या वासात मी रोज एकच मागणं मागत होतो: त्या बाईची जिरू दे.

भारतीने ती लाथ स्वयंपाकघराच्या दारातून पाहिली होती. तेव्हा बोलायचं तिचं धाडस झालं नाही. आठ दिवसांनी मात्र ती सहादेवला म्हणाली, "मी रक्त द्यायला चाललेय. येताय, का दुसऱ्या लग्नाला उभं ऱ्हाताय?" तो मुकाट्याने निघाला.

थायरॉइडचं हार्मोन फार कमी निघालं. रोज उपाशीपोटी एक गोळी सुरू झाली. सहा महिन्यांनी रक्त ताळ्यावर आलं, पाळी नीट झाली. मग डॉक्टरीणबाईंनी पूर्वीचीच औषधं पुन्हा दिली, आणि वाया जाणारी ती औषधं या वेळी लागू पडली. गरोदरपणात गोळी वाढवली, रक्त वरचेवर तपासलं. मुलगी झाली, ठणठणीत.

बारसं भारतीच्या माहेरी, कोपरगावकडे होतं. तिने मच्छिंद्रला निरोप धाडला, "दादा, डबा घेऊनच या."

मांडव बायकांनी भरला होता. सासरचं निम्मं गाव तिने मुद्दाम बोलावलं होतं. साळूबाई पाळण्याकडे निघाल्या, तशी भारती आडवी आली. मला तिने त्यांच्या पायाशी ठेवलं.

"आत्याबाई, आधी सांगा. माझं रक्त कुणी सांडलं?"

"आज बारशाच्या दिवशी काय गं ह्ये..."

"मी पाहिलंय. तुमी सांगा, न्हाईतर मी न्हाई नांदायला येत. लेकही न्हाई."

साळूबाईंनी लेकाकडे पाहिलं. सहादेवने या वेळी मान खाली घातली नाही. "सांग आई," तो म्हणाला.

"मीच लाथाडला," साळूबाई कशाबशा बोलल्या. "मच्छिंद्राचा दोष न्हाई. सुनंचाबी न्हाई."

त्यांनी पाळण्याकडे हात नेला. भारतीने तो धरून बाजूला केला. "आज न्हाई."

साळूबाई मांडवाच्या कडेला जाऊन बसल्या. पाळण्याची दोरी पहिल्यांदा मच्छिंद्रच्या बायकोने ओढली.

मित्रांनो, सूड वाईट असं तुम्हाला शिकवतात. मी खोटं बोलणार नाही, मला त्या दिवशी फार बरं वाटलं. पण रागाने नुसतं धुमसत बसू नका. कुणा बाईला कुणी नावं ठेवू लागलं, तर तिला दवाखान्यात घेऊन जा. आणि तुमच्या देखत कुणी खोटं बोललं, तर भारतीसारखा उशीर लावू नका. तेवढ्या वेळात एका भल्या माणसाची पाठ पोती वाहून वाकली.