पंचकल्याणीचा वंश

वैशाखातला वारा. धूलिधूसर, दिशाहीन, तहानलेला वारा. माणदेशाच्या उजाड माळावरून तो उठत होता, बाभळींच्या काट्यांत अडखळत होता, आणि पुन्हा उठत होता. सूर्य माथ्यावर आला होता, सावल्या खुरांखाली दडल्या होत्या. तबेल्याच्या दाराशी तुळाजीराव जगतापांच्या येरझारा सकाळपासून थांबल्या नव्हत्या.

आत गवताच्या अंथरुणावर शिंगरू पडलं होतं. अंग गडद तांबूस, चारी पाय गुडघ्यापर्यंत चंद्रधवल, कपाळावर शुभ्र पट्टा: सर्वांगसुलक्षण पंचकल्याणी. पण नाकपुड्या थरथरत होत्या, बरगड्या उठत होत्या, बसत होत्या, आणि प्रत्येक श्वासाला घरघर होती. औषध दिलं की ताप उतरायचा, थांबवलं की चढायचा. त्याची आई सुवर्णरेखा त्याच्या मानेला नाक लावून उभी होती, वैरणीकडे बघतही नव्हती.

तुळाजीरावांचा अभिमान म्हणाल तर आभाळाला टेकलेला. रक्त अरबी, मान धनुष्याकृती, पाय धवल. या वंशात बाहेरचा थेंब मिसळू द्यायचा नाही, हा त्यांचा हट्ट. म्हणून नातवंडांची सोयरीक नातवंडांशी. सुवर्णरेखा आणि शिंगराचा बाप मृगेंद्र, दोघंही एकाच म्हाताऱ्या घोडीची नातवंडं. पोरांची लग्नं जमवताना तुळाजीआबांनी इतकी कुळी बघितली नाही, असं गाव हसायचं. आबा मिशीला पीळ द्यायचे आणि मनातून सुखावायचे.

आज मात्र मिशीकडे हात जात नव्हता. जनावरांच्या डॉक्टर ऊर्मिला केंजळे शिंगराचं रक्त तपासायला घेऊन गेल्या होत्या आणि उत्तर घेऊन येणार होत्या. फाटकाशी जीप थांबली. बाईंच्या चेहऱ्यावरच आबांनी अर्धं उत्तर वाचलं.

बाई शिंगराशेजारी बसल्या आणि हळूहळू सांगू लागल्या. रक्तातल्या पांढऱ्या पेशी म्हणजे देहाचे पहारेकरी. त्यांच्या अंगावर प्रथिनांचे चिमुकले हात उगवतात. परका आत शिरला की त्या हातांनी चाचपून त्याला ओळखायचं. ते हात घडवण्याची विद्या बीजात असते, एक प्रत आईची, एक बापाची. एक तुटकी निघाली तरी दुसरी निभावून नेते. या लेकराला दोन्ही तुटक्याच मिळाल्या. आईच्या पहिल्या दुधानं, चिकानं दिलेली उसनी ढाल आजवर पुरली, ती आता संपली.

"म्हंजी आईबाप दोघंबी रोगट?"

"नाही आबा. दोघंही ठणठणीत आहेत. दोष दोघांतही लपून होता, एकाच आजीकडून आलेला. तुम्ही दोघांना एकत्र आणलंत, आणि तो वर आला."

"इलाज?"

बाईंनी शिंगराच्या कानामागे हात फिरवला. त्यांना नाही म्हणावं लागलंच नाही.

ऊन कलत गेलं. सोनेरी, मग तांबूस, मग राखी. शिंगराचं डोकं तुळाजीरावांच्या मांडीवर होतं. एक श्वास आला, एक गेला, एक आला. पुढचा आला नाही. सुवर्णरेखेनं त्याला नाकानं ढोसलं, पुन्हा ढोसलं, आणि मग मान वर करून ती अशी खिंकाळली की पलीकडच्या कुंपणातला मृगेंद्र टापा आपटू लागला. हे आपणच केलं, आपल्या हट्टानं केलं, हे तुळाजीरावांना कळून चुकलं. त्यांना स्वतःची लाज वाटली.

हात धुता धुता बाईंनी विचारलं, "आबा, ही पुन्हा घोड्याला दाखवली नाही ना?"

तुळाजीरावांनी शिंगरावर घोंगडी ओढली. "दावली की. व्याल्यावर नवव्या दिशी, आन गाभण बी ऱ्हायली. आमच्या तबेल्याची रीतच हाय ती."

"कुणाला?"

त्यांनी मृगेंद्राच्या कुंपणाकडे बोट केलं.

वारा दारं हलवत राहिला. चौघांत एक असंच निघू शकतं, बाई म्हणाल्या, तीन जगतील. पोटात आहे ते त्या एकातलं की तिघांतलं, हे मी आज नाही सांगू शकत, जन्मल्यावरच कळेल. नको असेल तर इंजेक्शनं देऊन गर्भ उतरवता येईल, पण मग उशीर करू नका.

"सगळ्या घोड्यांचं रगत घिऊन जावा," तुळाजीराव म्हणाले. "ह्या दोघांची गाठ आता पुन्यांदा न्हाई."

"आणि पोटातल्याचं?"

तुळाजीराव सुवर्णरेखेकडे वळले. सकाळी येते, एवढं बोलून बाई निघाल्या.

माळावर सांज उतरली, करडी, कासावीस. सुवर्णरेखा शिंगराला नेल्यावर रिकाम्या पडलेल्या गवताभोवती फिरत होती, थांबत होती, हुंगत होती, फिरत होती. तुळाजीरावांनी भिजवलेले हरभरे गुळात कालवले आणि ओंजळ तिच्या तोंडाशी धरली. तिनं मान फिरवली. ते दुसऱ्या बाजूला गेले. तिनं पुन्हा फिरवली. हेच सगळं पुन्हा एकदा बघावं लागलं तर, ही भीती मनात होती. तरी ओंजळ खाली आली नाही.

"खा बाई," ते म्हणाले. "दोन जिवांची हाईस तू."

कितीतरी वेळानं तिचे ओठ तळव्याला लागले. एक घास, मग एक घास. ओंजळ रिकामी झाली तेव्हा तुळाजीरावांनी एक हात तिच्या पोटावर ठेवला. तिथं काहीच हललं नाही. हलण्याचे दिवस अजून दूर होते. उजेड गेला, माळ गेला, बाभळी गेल्या, आणि त्यांनी हात काढला नाही.