कानशीखाली गेलेला खुंट

मित्रांनो, मी जुने रिव्हॉल्व्हर नाही. जुन्याची नक्कल आहे. दीडशे वर्षांपूर्वीच्या नमुन्यावरून इटलीतल्या एका डोंगरी गावात माझा जन्म झाला. माझ्यात काळी दारू ठासून भरावी लागते, आणि प्रत्येक बार उडाला की इतका धूर होतो की नेम चुकल्याचे झाडणाऱ्यालाच सर्वांत शेवटी कळते. ही सोयच म्हणायची.

मला अमेरिकेतल्या मिझुरी राज्यातल्या ऑर्विल स्टेगलने घेतले. आयुष्यभर शाळेच्या बसगाड्या दुरुस्त केलेला माणूस. त्याच्या मते जगातल्या प्रत्येक वस्तूला कानस थोडी कमीच पडलेली असते. माझा खरखरणारा घोडा त्याने लोण्यासारखा मऊ केला, त्याबद्दल मी ऋणी आहे. पण माझी गोळी नेमापेक्षा वीतभर वर जायची. म्हणून त्याने नळीच्या टोकावरचा, नेम धरायचा खुंट घासला. गोळी आणखी वर गेली. त्याने आणखी घासला.

अखेर नेमबाजी क्लबच्या चांदमारीवर गोळी निशाणाच्या फळ्यामागच्या मातीच्या बांधाच्या माथ्याला लागली. तिथली देखरेख जेनेट प्रुइटकडे. ती म्हणाली, "ऑर्विल, पलीकडे हॉलिसच्या गाई चरतात. शनिवारच्या स्पर्धेत एक जरी गोळी फळ्यावरून गेली, तर हे पुन्हा इथे आणायचं नाही."

"मग मला दे," ऑर्विलचा मेहुणा ड्वेन म्हणाला. "नळीतून वायर घालतो, वर बल्ब. टेबलावर झकास दिसेल."

मित्रांनो, दिव्यांबद्दल मला आदर आहे. दुरून.

घरी ऑर्विल पुन्हा कानस घेऊन बसला. त्याची बायको मेलीन, शाळेत भूमिती शिकवून निवृत्त झालेली, समोर शेंगा मोडत होती.

"गोळी वर जाते म्हणून खुंट घासतोयस?"

"खुंट उंच आहे, म्हणूनच वर जाते ना."

"बुटक्या माणसाला कुंपणापलीकडचं बघायचं असलं तर तो काय करतो?"

"टाचा उंचावतो."

"तू याला बुटकं करून ठेवलंस. आता खुंट घोड्यावरच्या खाचेत दिसावा म्हणून नळी वर उचलतोस. ठेव ती कानस खाली."

ऑर्विलने कानस खाली ठेवली. लग्नानंतर प्रथमच, असे मेलीन सांगते.

मग त्याने पितळेचा नवा खुंट बसवला, मुद्दाम गरजेपेक्षा उंच. शनिवारी सकाळी सरावाची पहिली गोळी फळ्याच्या पायाशी गेली. "आता घास," मेलीन म्हणाली. "दोनच हात. मग गोळी झाड." दोन हात, एक गोळी. पुन्हा दोन हात. गोळी हळूहळू वर सरकली आणि मधोमध येऊन थांबली. ऑर्विलचा हात शिवशिवत होता, पण मेलीनने कानस पर्समध्ये टाकली.

स्पर्धेतला धूर विरला तेव्हा सगळी भोके काळ्या वर्तुळात होती. जेनेटने फळा पाहिला. "आण पुढच्या महिन्यात," एवढेच म्हणाली. ड्वेनने बल्ब दुकानात परत केला.

दारूची काजळी अंगावर राहिली की गंज चढतो. म्हणून त्या संध्याकाळी ऑर्विलने साबणाच्या कढत पाण्याने मला अंघोळ घातली आणि कोमट ओव्हनमध्ये वाळत ठेवले. "कुजक्या अंड्यांचा वास येतोय," मेलीन म्हणाली, पण मला बाहेर काढले नाही. इतके निवांत मला कधीच वाटले नव्हते.

मित्रांनो, आपल्या वस्तू जपा, पण घाई करून सुधारू नका. घासलेले परत येत नाही. माझे आले, कारण घरात भूमिती होती. ती प्रत्येक घरात असतेच असे नाही.