साखऱ्याच्या मचाणावरचा डबा

मित्रांनो, माझ्या अंगावरचा गंज बघून नाक मुरडू नका. मी एक जुना रॉकेलचा डबा आहे, पण ऐरागैरा नाही. साखरा गावाच्या शिवारात माझा आवाज न ऐकलेला राघू त्या काळी शोधून सापडला नसता.

रॉकेल संपल्यावर मी हिंगोलीच्या बाजारात रिकामा पडून होतो. साखऱ्याचे शेतकरी उकंडराव यांच्या पत्नी चतुराबाई यांनी मला उचललं आणि पत्र्याचं काम करणाऱ्या युसूफभाईंकडे नेलं. युसूफभाईंनी हातोडी घेतली, माझ्याकडे पाहिलं आणि ती परत खाली ठेवली.

“काकू, याला काम काय द्यायचं? पाणी भरायचं असलं तर कडी लावतो, दाणे ठेवायचे असले तर झाकण करतो. काम सांगा, मग हात लावतो.”

“जवारीवरची पाखरं हाकलायचीत,” चतुराबाई म्हणाल्या.

मग युसूफभाईंनी माझं तोंड मोकळं कापलं, आत लोखंडाचा एक जड तुकडा टांगला आणि त्याला दोरी बांधली. दोरी ओढली की मी असा खणखणायचो, की शेजारचा दुकानदार कानावर हात ठेवायचा. मित्रांनो, माझा नवा जन्म व्हायच्या आधीच माझं काम ठरलं होतं. याचा मला आजही अभिमान वाटतो.

साखऱ्याच्या ओढ्याकाठी उकंडरावांसह पाच शेतकऱ्यांची जवारी एकमेकांना लागून होती. मधोमध एक मचाण होतं आणि राखणदारही पाचांमध्ये एकच ठेवायचा होता. हे एकोणीसशे चाळीसच्या आसपासचं सांगतो आहे. त्यांनी जवळच्या बंजारा तांड्यावरच्या खेमाला बोलावलं. खेमाची छाती रुंद होती, मिशा झुपकेदार होत्या आणि जत्रेत त्याने दोन कुस्त्या मारल्या होत्या. “राखण कर,” एवढंच त्याला सांगितलं आणि पाची जण खुशीत घरी गेले. युसूफभाईंनी माझ्यासाठी विचारलं, तेवढंही खेमासाठी कोणी विचारलं नाही.

पहिल्या सकाळी खेमाने दोरी ओढली आणि चिमण्यांचा थवा भुर्रकन उठला. मला काय आनंद झाला! इतक्यात खालून पाचांपैकी तातेरावांची हाक आली, “खेमा, माझ्या बैलाला गवताचा भारा आणून टाक रे!” खेमा उतरला. भारा टाकून येतो तोवर दुसऱ्याचं वासरू शोधायचं निघालं. तिसऱ्या दिवशी खुद्द उकंडरावांनी त्याला तंबाखू आणायला सेनगावला पिटाळलं. खेमा बिचारा कोणालाच नाही म्हणत नव्हता. मी मचाणावर मुका लटकत राहिलो आणि माझ्या डोळ्यांदेखत पाखरांनी कणसं साफ केली.

खळ्यावर पाची जण त्याच्यावर तुटून पडले. आळशी, झोपाळू, नुसता अंगाने वाढलेला, असं नको नको ते बोलले. खेमाने मला त्यांच्यापुढे ठेवलं. 

“तुमी पाच मालक, मी एकटा. सांगा, कोनाचं काम टाळलं मी?”

पाची जण पाठ फिरवून घरी गेले. वर्षभर त्या भल्या माणसाला आसपासच्या गावात कोणी काम दिलं नाही. तो दिसला की लोक हसून म्हणायचे, “झोपाळू खेमा चालला.” आणि माझी रवानगी झाली कोंबड्यांच्या खुराड्यात. माझ्यावर कोंबडी बसायची. त्याचं मला एवढं वाटलं नाही, पण नाव गेलं ते फार लागलं.

पुढच्या वर्षी पाऊस लवकर गेला. माळावरचं पीक वाळलं आणि दाणा भरला तो फक्त त्या ओढ्याकाठच्या पट्ट्यात. पाची घरांची भाकरी आता तिथेच होती. खेमापेक्षा धिप्पाड गडी कुठे मिळेल, याची पुरुषांनी चौकशी सुरू केली. चतुराबाईंनी मात्र मला खुराड्यातून काढलं, पुसलं आणि फटफटायच्या आत त्या स्वतः मचाणावर चढून बसल्या. उजाडल्यापासून दिवस मावळेपर्यंत त्या बसून होत्या. मधून मधून पदराला एक गाठ मारत होत्या. मला काही कळेना.

संध्याकाळी लिंबाखाली पाची जण जमले. चतुराबाई डोईवरचा पदर सावरून उभ्या राहिल्या आणि त्यांनी पहिली गाठ सोडली.

“माणूस मागून बघा. आधी काम ऐका. पाखरं येतात उजाडताना आन् दिवस कलताना. त्या दोन वक्ताला मचान सोडायचं न्हाई.” दुसरी गाठ सुटली. “राघू ओढ्याकडून येतात, म्हणून नजर तिकडं.” तिसरी सुटली. “कोपऱ्यातल्या वावरात डब्याचा आवाज कमी जातो, तिथं गळा लागतो.”

“आन् ही चौथी?” तातेरावांनी विचारलं.

“ही तुमा पाचांची. राखनदाराला गवत, वासरू, तंबाखू काई सांगायचं न्हाई.”

“मग माझं गवत कोन आनंल?”

“तुमी!” चतुराबाई म्हणाल्या, आणि उकंडराव सगळ्यांच्या आधी हसले. हसता हसता त्यांनी मान खाली घातली. त्यांना सेनगावचा तंबाखू आठवला असावा.

आता कसा माणूस हवा ते उघड होतं. पहाटे उठणारा, तीक्ष्ण नजरेचा, मोठ्या गळ्याचा. तांड्यावरची मिराबाई, म्हणजे खेमाची बायको, कडेला उभी होती. ती म्हणाली, “आमच्या घरचा मानूस रोज पहाटंच उठतो. त्यानं हाक मारली तर ओढ्यापल्याड ऐकू जाते. पर मागच्या साली हे काम तुमी त्याला दिलं कवा?”

खेमाला बोलावणं गेलं. त्याने चारही गाठी पाचांच्या तोंडून वदवून घेतल्या, तेव्हाच माझी दोरी हातात धरली. मग काय सांगू मित्रांनो! खेमाची हाक आणि माझा खणखणाट! त्या वर्षी कणसं दाण्यांनी वाकली. खळ्यावर तातेरावांनी जवारीची पहिली पाटी खेमाच्या उपरण्यात स्वतःच्या हाताने ओतली आणि म्हणाले, “चूक आमची होती, खेमा.”  खेमाने डोळे पुसले आणि मग माझ्यावरची धूळ पुसली.

एकोणीसशे अठ्ठेचाळीस साल संपता संपता निजामाचं राज्य गेलं होतं आणि गावाने शाळा काढायची ठरवली. गुरुजी कोणाला आणायचं यावर बैठक बसली. कोणी म्हणालं, त्यांनी आमची पत्रंही लिहावीत. कोणी म्हणालं, पोथी वाचावी. तेवढ्यात शेतावरून मला घेऊन आलेल्या खेमाने माझी दोरी जोरात ओढली. सगळे त्याच्याकडे वळले.

“आधी कामाची गाठ बांधा,” खेमा म्हणाला. “मग मानूस आना.”

गुरुजी आले. लेकरं शिकवणं, एवढंच त्यांचं काम ठरलं होतं. खेमाने मला शाळेच्या दाराशी नेलं आणि विचारलं, “गुरुजी, याचं काम काय?”

“शाळा भरताना वाजायचं आणि सुटताना वाजायचं.”

मित्रांनो, आता मी शाळेची घंटा आहे. माझ्या आतला लोखंडी तुकडा टांगलाय तिथे अधूनमधून तेलाचा थेंब द्या, एवढंच माझ्यासाठी मागतो. दुसरं मागणं खेमासाठी. मोठे झाल्यावर कोणाला कामावर बोलवाल, तेव्हा त्याचं काम त्याला आधी नीट सांगा. आपण सांगायला विसरलो म्हणून कोणा भल्या माणसाला वर्षभर मान खाली घालून चालायला लावू नका.